टॅक्स वाचवायला फ्लॅट घेऊ का?

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या ऑफिसात हा प्रश्न हमखास येतो. मी पिंपरी-चिंचवडमध्ये एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे, बहुतेक क्लायंट पगारदार, हिंजवडीचे आयटीवाले, चाकणच्या कंपन्यांमधले, आणि ते येऊन म्हणतात "टॅक्स लय जातोय हो, एक फ्लॅट बुक करून टाकू का?" म्हणजे रावेत नाहीतर मोशीला साइट बघून झालेली असते, सेल्स ऑफिसमधल्या पोराने कागदावर टॅक्स बेनिफिटचा आकडा काढून दिलेला असतो, आम्ही फक्त मान हलवायची बाकी असते. मी नाही हलवत. राहायला घर हवंय तर घ्या, घरमालकाच्या कटकटीला वैतागलात तर घ्या, पण टॅक्स वाचतो म्हणून घेत असाल तर आधी खुर्ची ओढून बसा आणि हिशोब बघा.

५० लाखांचं लोन, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता बसतो साधारण ४३,४००. पहिल्या वर्षी तुम्ही बँकेला देता ५ लाख २० हजार, त्यात मुद्दल जेमतेम लाखभर आणि बाकी ४ लाख २० हजार नुसतं व्याज. यातल्या फक्त २ लाखांची वजावट मिळते, कलम २४(ब). ही मर्यादा २०१४ च्या बजेटमध्ये दीड लाखाची दोन लाख झाली आणि तेव्हापासून तिथेच बसलीये, फ्लॅटचे रेट मात्र कुठल्या कुठे गेले. तर तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून ६२,४०० रुपये वाचतात. ४ लाख २० हजार देऊन ६२ हजार परत. मुद्दलावर ८०सी ची दीड लाखांपर्यंतची वजावट आहे म्हणाल तर तुमच्या पीएफ आणि एलआयसीने ते दीड लाख आधीच भरून टाकलेले असतात, पोरांच्या फीचं पण त्यातच असतं.

आणि हे सगळं जुन्या रेजिममध्ये (टॅक्स भरायच्या दोन पद्धती आहेत, जुनी वजावटींची आणि नवी कमी दरांची). नव्या रेजिममध्ये स्वतः राहत्या घराच्या व्याजाला काहीच नाही. शून्य. मग लोक म्हणतात जुन्यात राहतो. बरं, राहा. २०२५-२६ चे स्लॅब धरू, पगार १५ लाख. जुन्यात स्टँडर्ड डिडक्शन ५० हजार, ८०सी चे दीड लाख, व्याजाचे दोन लाख, सगळं वजा केलं की ११ लाख उरतात आणि टॅक्स येतो १,४८,२००. नव्यात नुसते ७५ हजार वजा, एकही कागद न जोडता टॅक्स ९७,५००. म्हणजे लोन काढून, वीस वर्षं मान अडकवून, तुम्ही ५० हजार जास्त भरताय. मेडिक्लेम वगैरे अजून काही टाकलं तरी ही दरी सहज भरत नाही. आणि १२ लाखांपर्यंत (पगारदाराला पावणेतेरा) तर नव्यात टॅक्सच नाही, त्याला कुठली सवलत दाखवून फ्लॅट विकणार? (१ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झाला, कलमांचे नंबर बदललेत, पण मी जुनेच लिहितोय, सगळ्यांच्या तोंडात अजून तेच आहेत.)

आता यातली मजा बघा. इतकी वर्षं ज्या सवलतीच्या नावावर होर्डिंग लागली ती सरकारने न सांगता काढून घेतल्यासारखीच केली, थेट रद्द नाही केली, नवी रेजिम इतकी स्वस्त केली की जुनीकडे कुणी फिरकेना. आणि कुणी फारशी बोंब मारली नाही. फ्लॅट विकणं थांबलं का? वाकड-ताथवडेला जाऊन बघा, क्रेन मोजता मोजता मान दुखेल. ज्या सवलतीशिवाय बांधकाम बंद पडेल असं दरवर्षी बजेटच्या आधी टीव्हीवर सांगायचे ती नसतानाही चाललंय की. मग ती सवलत नेमकं काय करत होती इतकी वर्षं, हा माझा प्रश्न आहे आणि त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

सरकारचं म्हणणं कायम एकच, घरबांधणीला सवलत दिली की अर्थव्यवस्थेला चालना मिळते. यातला बांधणीचा भाग शंभर टक्के खरा आहे, मी तो लहानपणापासून बघतोय. माझ्या मामांचं संगमनेरकडे हार्डवेअर आणि सिमेंटचं दुकान आहे. सुट्टीत गल्ल्यावर बसायचो तेव्हाच कळलं होतं की गावात एक घर निघालं की किती जणांच्या घरी पैसा जातो. आधी जेसीबीवाला पाया खणायला, मग खडी, क्रश सँड, वीट, सिमेंट. सिमेंट चंद्रपूरकडून, सळई जालन्याहून, जालन्यात रोलिंग मिलची लाइनच आहे. फुटिंग, कॉलम, मग सेंट्रिंगवाले येतात, त्यांच्या प्लेटा-बल्ल्या भाड्याच्या, म्हणजे भाड्याने देणारा अजून एक. स्लॅबच्या दिवशी मिक्सर, लिफ्ट, वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांचं जेवण मालकाकडे, किराणावाल्याचा धंदा. मग महिना-दोन महिने शांत, आणि मग पायपा, वायर, बॉक्स, मग गिलावा, मग टाइल्स. टाइल्स जवळपास सगळ्या गुजरातच्या मोरबीहून. आणि घर पूर्ण झालं असं म्हणून पण संपत नाही, पंखे, गीझर, पडदे, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर, वास्तुशांतीचा मांडव. मामा म्हणायचे, "लग्नात पैसा एका दिवसात उडतो, बांधकामात वर्षभर झिरपतो." आणि उधारी पण वर्षभर झिरपते, हे मामी आतून ओरडून सांगायच्या.

पुण्यात हेच चित्र शंभरपट मोठं. आणि इथे तर अख्खा देश एका बिल्डिंगवर असतो. प्लंबर बघा, बरेच जण ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातले निघतात, त्या भागातली गावंच्या गावं प्लंबिंगवर चालतात. सुतारकामाला राजस्थानचे लोक, पीओपीला बंगाल-बिहारकडचे, बिगारीला आपलेच मराठवाड्यातले, जोडीने आलेले, पोरगं साइटवरच्या वाळूत खेळतंय. शेती सोडली तर देशात सगळ्यात जास्त हातांना काम देणारं क्षेत्र बांधकामच आहे. शिक्षण न विचारता, इंटरव्ह्यू न घेता, सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहिलं की संध्याकाळी हातात रोकड, असं दुसरं क्षेत्र दाखवा मला. त्यामुळे घरबांधणीने अर्थव्यवस्था हलते यावर माझा काडीचा वाद नाही.

वाद पुढे आहे. सवलत या साखळीत शिरते कुठे? सिमेंटवर? नाही. मजुरीवर? नाही. ती शिरते बँकेच्या व्याजाच्या सर्टिफिकेटवर. कोथरूडमध्ये ९० साली बांधलेल्या बिल्डिंगमधला फ्लॅट मी आज रिसेलमध्ये घेतला तरी मला तीच २ लाखांची वजावट. त्या व्यवहारात एक वीट रचली गेली नाही, एका गवंड्याला एक रोज मिळाला नाही, जुन्या मालकाकडून नव्या मालकाकडे किल्ली गेली आणि एजंटला दोन टक्के मिळाले. पण कागदावर ही पण घराला प्रोत्साहनच.

आणि मिळते कुणाला ते बघा. ५ टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला जुन्या रेजिममध्ये ५ लाखांपर्यंत रिबेटमुळे टॅक्सच नसतो, त्यामुळे त्याच २ लाखांवर वाचतं शून्य. तीस टक्केवाल्याला ६२,४००. म्हणजे ज्याला कमी गरज त्यालाच सगळं. याच्यापेक्षा पंतप्रधान आवास योजनेतली सीएलएसएस मला कितीतरी बरी वाटायची, ती टॅक्स सवलत नव्हती, व्याजाचं अनुदान होतं, ६ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के, एकदम हिशोब करून जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार थेट लोन खात्यात जमा. स्लॅब-बिब काही नाही. ते २.६७ लाख पुण्यात प्रत्येक होर्डिंगवर होते, आठवत असेल. मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी ती मार्च २०२१ ला संपली आणि खालच्या गटांसाठी मार्च २०२२ ला. पण तिथेही माझी एक शंका आहेच, जी सवलत होर्डिंगवर छापली जाते ती बिल्डरच्या रेटमध्ये आधीच धरलेली असते. हे मी सिद्ध करून दाखवू शकत नाही, पण सेल्सवाला जेव्हा म्हणतो "सर तुम्हाला इफेक्टिव्ह एवढ्यालाच पडतो" तेव्हा तो तुमची सवलत तुम्हालाच विकत असतो.

स्टँप ड्युटीचं २०२० चं उदाहरण तर आमच्या धंद्यातला कुणीच विसरणार नाही. लॉकडाऊननंतर राज्य सरकारने १ सप्टेंबरपासून स्टँप ड्युटी कमी केली, मुंबईत ५ वरून थेट २ टक्के, डिसेंबरपर्यंत. जानेवारी ते मार्च २०२१ तीन टक्के. आणि एप्रिलपासून परत पाच. एक कोटीच्या फ्लॅटवर ३ लाख वाचत होते, थोडेथोडके नाही. ऑगस्टमध्ये मुंबईत अडीच-पावणेतीन हजार दस्त नोंदले गेले होते, डिसेंबरमध्ये साडेएकोणीस हजार! रजिस्ट्रार ऑफिसमध्ये जत्रा. मग सोय काढली की ड्युटी ३१ डिसेंबरच्या आत भरा आणि नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करा. जानेवारीत आकडा दहा हजारांवर आला, मार्चला परत उडी, एप्रिलला परत आपटी. आलेख बघितला तर सरळ दिसतं की बरेचसे गिऱ्हाईक नवे नव्हतेच, जे पुढच्या वर्षी घेणार होते ते यंदा आले.

तरी मी त्या निर्णयाला वाईट म्हणणार नाही. का, तर वेळ तशी होती. मार्च-एप्रिलमध्ये जे मजूर पायी गावी गेले त्यांना परत बोलवायला साइट चालू हव्या होत्या, साइट चालू व्हायला बिल्डरकडे रोकडा हवा होता, आणि पडून राहिलेले फ्लॅट विकले गेल्याशिवाय तो येणार नव्हता. सात महिन्यांची सवलत, तारीख ठरलेली, काम झालं की बंद. जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरांना प्रीमियममध्ये (बांधकाम परवानगीसाठी भरायच्या शुल्कात) ५० टक्के सूट दिली तेव्हा पण अट घातली की सूट घेणाऱ्याने गिऱ्हाइकाची स्टँप ड्युटी स्वतः भरायची. एचडीएफसीच्या दीपक पारेखांच्या समितीच्या शिफारशीवरून आलेली सूट होती ती. यावर टीका झाली, व्हायलाच हवी होती, पण निदान काहीतरी द्या आणि काहीतरी घ्या असा व्यवहार तरी त्यात होता. व्याजाच्या वजावटीत तेवढंही नाही.

बिल्डरला थेट दिलेल्या सवलतींची गोष्ट वेगळीच. ८०आयबी(१०) नावाचं एक कलम होतं, छोटे फ्लॅट बांधा आणि नफ्यावर शंभर टक्के करमाफी. मुंबई-दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात १००० चौरस फुटांपर्यंत, बाकी ठिकाणी १५००. हेतू चांगला, छोटी घरं बाजारात यावीत. आता आपली माणसं काय करणार? शेजारशेजारचे दोन फ्लॅट नवरा-बायकोच्या नावाने घ्यायचे, मधली भिंत पाडायची, झाला तीन हजाराचा महाल आणि नफा टॅक्स फ्री. हे इतकं बोकाळलं की २००९ मध्ये कायद्यातच लिहावं लागलं की एका माणसाला एकच फ्लॅट, आणि त्याच्या बायकोला, अल्पवयीन पोरांना त्याच प्रोजेक्टमध्ये दुसरा नाही. जुन्या फाइली चाळताना असले केस निघाले की मी हातातलं काम सोडून वाचत बसतो.

नंतर २०१६ ला ८०आयबीए आलं, परवडणाऱ्या घरांसाठी, आणि २०१९ पासून जीएसटीत पण परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५. परवडणारं म्हणजे ४५ लाखांच्या आत, मुंबईसारख्या महानगरात ६० चौरस मीटर कार्पेट आणि इतर ठिकाणी ९०. या महानगरांच्या यादीत पुणे नाहीये, म्हणजे आपल्याकडे ९० मीटर चालतं, पण ४५ लाखांत ९० मीटर पुण्यात दाखवाच. आणि मुंबई महानगरात ४५ लाख म्हटलं की बदलापूर, नेरळ, विरारच्या पुढे. ४५ चा आकडा ठरवून इतकी वर्षं झाली तरी तो हलवायला कुणी तयार नाही, त्यामुळे होतं काय की मुंबईत कामाला जाणाऱ्याला परवडणारं घर मिळतं पण ते त्याच्या ऑफिसपासून दोन तास लांब, आणि लोकलच्या दारात लटकण्याचा खर्च कुठल्याच कलमात बसत नाही.

आणि एवढं करून जी घरं उभी राहिली त्यातली किती भरलीत? २०११ च्या जनगणनेत शहरी भागात १ कोटी ११ लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. महाराष्ट्राचा नंबर पहिला, २० लाखांच्या आसपास, एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार. त्याच सुमाराला, २०१२ मध्ये, सरकारच्या तांत्रिक गटाने सांगितलं शहरी भागात १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई आहे आणि त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त अगदी खालच्या दोन उत्पन्न गटांत. म्हणजे एकीकडे कुलपं आणि दुसरीकडे एका खोलीत सात जण. मग कायद्याने काय करावं? पूर्वी दुसरं घर रिकामं ठेवलं तरी भाडं येतंय असं धरून टॅक्स लागायचा, तो २०१९ च्या बजेटने दुसऱ्या घरापुरता काढला आणि २०२५ ला उरल्यासुरल्या अटी पण काढल्या. आता दोन घरं असतील आणि एकाला बारा महिने कुलूप असेल तरी चालतंय. माझ्या क्लायंटना याचा फायदा झाला, मी स्वतः त्यांना तसे रिटर्न भरून दिले, पण घरबांधणीला प्रोत्साहन म्हणून याच्याकडे बघायचं तर मला जमत नाही.

आता गावाकडे चला. घरकुल, म्हणजे पंतप्रधान आवास ग्रामीण. सपाट भागात १ लाख २० हजार अनुदान, हप्त्या-हप्त्याने, प्रत्येक टप्प्याला फोटो काढून अपलोड. कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ फूट. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी, संडासाचे १२ हजार वेगळे. २०२५ मध्ये राज्याने अजून ५० हजार वाढवायचं ठरवलं. हे पैसे आले की गावात लगेच चर्चा सुरू, फुकट खातात, रेवडी, वगैरे वगैरे. आता वरचा आकडा आठवा, ६२,४००. दोन वर्षांचे झाले १,२४,८००. म्हणजे ३० टक्के स्लॅबमधला माणूस जुन्या रेजिममध्ये दोनच वर्षांत घरकुलाच्या १ लाख २० हजारांपेक्षा जास्त सवलत घेत होता, आणि पुढची अनेक वर्षं घेणार होता, ना फोटो ना सरपंचाची सही, आणि त्याला कुणी रेवडी म्हणालं नाही. त्याला टॅक्स प्लॅनिंग म्हणतात, आणि त्याची आम्ही फी घेतो.

वर घरकुलवाल्याकडून टॅक्स वसूल होतोच, फक्त त्याला दिसत नाही. स्लॅब टाकायचं ठरवलं तर २६९ फुटाला फुटामागे ०.४ गोणी या अंदाजाने शंभर-एकशेदहा गोण्या सिमेंट. गोणी ३५० ची धरली तर जुन्या २८ टक्के जीएसटीने आठ हजारांच्या वर नुसता कर. सळई सात-आठशे किलो, तिच्यावर १८ टक्क्यांनी अजून सात-आठ हजार. म्हणजे सरकारने एका हाताने दिलेल्या सव्वा लाखातले पंधरा हजार दुसऱ्या हाताने मामांच्या दुकानातूनच परत गेले, आणि त्याला इनपुट क्रेडिट (व्यापाऱ्याला भरलेला जीएसटी वळता करून मिळतो ते) नाही, वजावट नाही, काही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत घरबांधणीला मिळालेली ही सगळ्यात सरळ सवलत आहे, कारण ती जो बांधतो त्यालाच मिळते, मग तो रिटर्न भरो न भरो. मामांना फोन केला तर ते म्हणाले, "गोणीमागं पंचवीस-तीस रुपयाचा फरक पडला रे, पण गिऱ्हाईक अजून म्हणतं महागच आहे." गिऱ्हाईक असं म्हणणारच, त्याला वाळूचा रेट पण भरायचा असतो.

मला विचाराल तर व्याजाची वजावट आहे तशी मरू द्यावी, परत जिवंत करायची मागणी दर बजेटला होते ती ऐकू नये, आणि वाचलेला पैसा भाड्याची घरं आणि घरकुलाकडे वळवावा. भाड्याची घरं याच्यासाठी की चाकणला कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराला फ्लॅट नकोच आहे, त्याला महिना चार-पाच हजारांत पाणी येणारी खोली हवीये.

आणि एक गोष्ट ज्याला कायदा लागत नाही कारण कायदा आधीच आहे. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर कामगार कल्याणासाठी घेतात, १९९६ च्या कायद्यापासून. त्यातून कामगाराला पोरांची स्कॉलरशिप, दवाखाना, अपघाताचे पैसे मिळू शकतात. त्यासाठी बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. आमच्या बिल्डिंगचं वॉटरप्रूफिंग करायला आलेल्या गवंड्याला मी विचारलं नोंदणी केलीये का, तर म्हणाला ठेकेदार दाखल्यावर सही देत नाही, मागितली की उद्यापासून येऊ नको म्हणतो. ग्रामसेवकाचा दाखला चालतो म्हणालो, तर तो म्हणाला काम पुण्यात केलं, गाव लातूरकडं, आमचा ग्रामसेवक कशावरून सही करणार?